ओझर ते नागपूर: आकाशातले किलोमीटर

नाशिकचं विमानतळ नाशकात नाही, ओझरला आहे. शहरापासून साधारण २० किलोमीटर. मिग आणि सुखोई ही लढाऊ विमानं जिथे बनली, त्या एचएएलच्या कारखान्याची ती धावपट्टी, प्रवासी विमानं तिथे नंतर आली. तिथून नागपूर किती लांब?

नकाशा काढा. नागपूर ओझरच्या पूर्वेला ५.१३ रेखांश आणि उत्तरेला जेमतेम एक अक्षांश. आपल्याकडे एक रेखांश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर. विषुववृत्तावर तो १११ भरतो, ध्रुवाकडे आक्रसत जातो. म्हणजे पूर्वेला ५३५, उत्तरेला १०८. आता शाळेतला पायथागोरस कामाला लावा: कर्ण सुमारे ५४५ किलोमीटर. एवढ्याशा अंतरात पृथ्वीच्या गोलाईने फारसा फरक पडत नाही. मुंबई-न्यूयॉर्कला मात्र हा हिशेब साफ फसतो.

वेळेचं गणित जास्त गमतीचं. पंख्याचं एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरने जातं असं धरू. हिवाळ्यात वर बहुधा पश्चिमेचा वारा असतो. तो ताशी ५० असेल, तर जाताना ५९ मिनिटं, येताना ७३. जाताना कमावलं ते येताना गेलं, असं वाटेल, पण नाही. वारा नसता तर दोन्ही मिळून १३१ मिनिटं लागली असती, इथे १३२ झाली. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून.

तिकिटावरची वेळ याहून मोठी दिसते, कारण तिच्यात जमिनीवरचं रांगणं, चढणं-उतरणं आणि थोडी राखीव मिनिटंही धरलेली असतात.