पाण्याचा अदमास

वैशाखातली दुपार होती. जोतिबाच्या डोंगराजवळची पोहाळ्याची बौद्ध लेणी पाहून मी आणि माझा बारा वर्षांचा नातू परतत होतो. बाहेर ऊन रणरणत होतं. लेण्यात मात्र जुन्या वाड्याच्या माजघरातला गारवा! खडकात कोरलेले खांब आणि भिक्षूंच्या खोल्या पाहताना मी रमलो. नातवाचं मन रमलं ते वाटेवरच्या विहिरीत.

“आजोबा, मारू उडी?”

सोसायटीच्या तलावात पोहायला शिकलेला पोरगा तो. मी त्याचा दंड घट्ट धरला.

१९८६ साली मी बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर होतो. पन्हाळा तालुक्यात एका नव्या विहिरीच्या पाहणीला गेलो. लांबी, रुंदी मोजली. खोली ‘पाच परस’ लिहिली. घामानं निथळत होतो. कपडे उतरवून काठावर उभा राहिलो, तोच शेतकऱ्याची म्हातारी आई ओरडली, “सायेब, तिकडनं नगा! पाण्याखाली कातळाचा दात हाय!”

सुरुंगानं न फुटलेला तो खडक पाण्याखाली जेमतेम हातभर होता. वरून काही दिसत नव्हतं. आमच्या छापील अर्जात त्या दातासाठी रकानाही नव्हता.

आमच्या पिढीतली पोरं पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. काठावर कुणीतरी जाणतं माणूस बसलेलं असायचंच. याच कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ साली बीजिंग ऑलिंपिकच्या तलावात उतरला, तेव्हा आम्हा विहिरीतल्या पोहणाऱ्यांचीही छाती फुगली होती.

आता पावसाळ्यात मोटारी गगनबावड्याच्या वाटेला लागतात. पळसंब्याला ओढ्यातच अखंड दगडांत कोरलेली चिमुकली देवळं आहेत. जागा अशी की पाय निघत नाही. पण वर डोंगरात पाऊस कोसळला, की खाली ऊन असतानाही ओढा चढतो. हे गावकऱ्याला ठाऊक असतं. आपण विचारतो कुठे?

त्या दुपारी मी विचारलं. मळ्यातले मामा म्हणाले, “पायऱ्यांकडनं उतरू दे. मधलं पानी चांगलं हाय. उडी मातुर नको.”

भोपळा नव्हता. मामांनी नातवाच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. पोरगं तासभर डुंबलं. दोर मी शेवटपर्यंत सैल सोडला, पण हातातून सोडला नाही.