मुठीवरचे महिने

महिना तिसाचा कीं एकतिसाचा, हें मुठीवर मोजण्याची युक्ति आपल्या घरांतील लहानथोर सर्वांस ठाऊक असते. उंचवट्यावर आलेला महिना ३१ दिवसांचा, खळग्यांत आलेला ३० दिवसांचा. जुलैपाशीं उंचवटे संपले, कीं ऑगस्टसाठीं पुन्हां पहिल्या उंचवट्यावर यावें. फेब्रुवारी तेवढा निराळा.

संगणकास मूठ नाहीं. त्याला हीच युक्ति अंकांत सांगावी लागते. महिन्याचा क्रमांक घ्यावा. तो ८ किंवा अधिक असल्यास त्यांत १ मिळवावा. येणारी संख्या विषम असेल तर दिवस ३१, सम असेल तर ३०. ऑक्टोबर दहावा, १ मिळवितां ११ झाले, म्हणून दिवस ३१. येथवर सारें सोपें आहे.

खरी अडचण फेब्रुवारीची. सौर वर्ष सुमारें ३६५.२४२२ दिवसांचें असल्यामुळें दर चौथ्या वर्षीं एक दिवस वाढविणें किंचित् अधिक होतें. तो अधिकपणा सांचत गेला, तेव्हां १५८२ सालीं पोप तेरावा ग्रेगरी यानें केलेल्या सुधारणेंत ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर मोजण्यांत आला, आणि शतकाच्या वर्षास ४०० नें भाग गेला तरच तें लीप धरावें असें ठरलें. म्हणून या गणनेनें १९०० सालीं फेब्रुवारीस २८ दिवस होते, २००० सालीं २९, आणि २१०० सालीं २८च असतील.

नियम ठाऊक असूनही चूक कशी होते, तें पाहण्यासारखें आहे. २००८ हें लीप वर्ष. त्याच्या ३१ डिसेंबरला मायक्रोसॉफ्टचीं ‘झून’ नांवाचीं गाणीं ऐकण्याचीं कित्येक यंत्रें एकाएकीं निश्चेष्ट झालीं. त्यांतील घड्याळास आज्ञा अशी होती: शिल्लक दिवस ३६५ हून अधिक आहेत तोंवर एकेका वर्षाचे दिवस वजा करीत जावें, मात्र लीप वर्षांत ते ३६६ हून अधिक असतील तरच वजा करावे. त्या दिवशीं शिल्लक नेमके ३६६! थांबावें तर ते ३६५ हून अधिक. वजा करावे तर ३६६ हून अधिक नाहींत. बिचारें यंत्र तोच प्रश्न स्वतःस विचारीत राहिलें. दुसरा दिवस उजाडला तेव्हांच त्याची सुटका झाली.

पंचांगांत क्षयतिथि किंवा अधिक मास आला, कीं आपण घरांतील वडिलांस विचारतों. संगणक कोणास विचारीत नाहीं. आणि पगार, व्याज, विम्याच्या मुदती हीं सर्व आज त्याच्याच मोजणीवर सोंपविलेलीं आहेत. म्हणून ज्या घरांतील मुलगा अगर मुलगी संगणकासाठीं आज्ञा लिहीत असेल, तिथें एवढें सांगणें आहे: आपलें काम रोजच्या तारखांवर तपासून समाधान मानूं नये. २९ फेब्रुवारी आणि लीप वर्षाचा ३१ डिसेंबर या दिवशीं तें टिकतें कीं नाहीं, हें आधीं पाहावें.