जवसाच्या शेतांतील परकी अमरवेल

बोरीवर किंवा कुंपणाच्या अडुळशावर पिवळ्या दोऱ्यांचें जाळें पसरलेलें आपण पाहिलें असेल. हीच अमरवेल. तिला पान नाहीं, वाढल्यावर मूळहि उरत नाहीं. दुसऱ्याच्या रसावर तिचा सारा संसार! तिची एक धाकटी बहीण युरोपांत जवसावर वाढे. तिचें शास्त्रीय नांव कस्क्युटा एपिलायनम.

जमिनींतून प्रथम एक बारीक तंतु वर येतो व गोल फिरत आधार शोधतो. जवसाचा देठ सांपडला कीं त्यास वेढे घालून तो आपले शोषक आंत रुतवितो. मग त्याचें मूळ सुकून जातें. आधार न मिळाल्यास तो थोड्याच दिवसांत मरतो. (हा शोध अगदींच आंधळा नसावा. याच कुळांतील एका वेलीचें रोप टोमॅटोच्या वासाकडे वळतें, असें अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं २००६ सालीं दाखविलें.)

खरी गंमत आहे ती बियांत. अमरवेलीचें बीं बहुधा बारीक, म्हणून तें चाळणींतून गळून पडतें. या वेलीच्या बिया मात्र दोन-दोन चिकटून राहतात व आकारानें जवसाच्या जवळ येतात. त्यांतून लिननच्या धाग्यासाठीं जवस कापीत नाहींत, मुळासकट उपटतात. त्याबरोबर वेलहि खळ्यावर येते. जें बीं चाळणीस चुकवी तेंच पुढल्या वर्षीं पेरलें जाई. अशा रीतीनें शेतकऱ्यानेंच, नकळत, हा लबाड पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढला!

आयर्लंडांत पेरणीचें जवस रीगा बंदरांतून व हॉलंडांतून येई. अशा बियाण्याबरोबर ही वेल ब्रिटिश बेटांत शिरली, आणि वसाहतवाल्यांबरोबर उत्तर अमेरिकेंतहि गेली. परकी वनस्पति म्हटली कीं ती रानोमाळ माजते, असा आपला समज असतो. येथें उलट झालें. ब्रिटनची स्वतःची अमरवेल माळावरील झुडुपांवर आजहि आहे. ही पाहुणी मात्र जवसाचें शेत सोडून कोठेंच रुजली नाहीं. बियाणें साफ करण्याची यंत्रें सुधारलीं, जवसाची लागवड घटली, आणि ती ब्रिटनमधून नाहींशी झाली. युरोपांतील इतर अनेक देशांतहि ती आतां लुप्त किंवा अतिदुर्मिळ आहे.

आपल्याकडे लसूणघासांत जी परकी अमरवेल माजते ती निराळी. कस्क्युटा कॅम्पेस्ट्रिस ही मूळची उत्तर अमेरिकेची, आणि तिला एकाच पिकाची आवड नाहीं. तिचें बीं जमिनींत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहूं शकतें. म्हणून पिवळा दोरा दिसतांच, फुलें येण्यापूर्वींच, तेवढा वाफा पिकासकट कापून जाळावा लागतो.