बाळंतिणीचा डावा पाय

बडोद्याच्या नागरवाड्यातल्या कितीतरी मराठी घरांत अजूनही बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू आणि आजीचा धाक : पाणी बेतानं पी, उगीच चालू-फिरू नकोस. यातली माया खरी आहे. पण नेमक्या याच काळात, बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत, रक्ताची गुठळी होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो आणि पडून राहण्यानं, पाणी तोडण्यानं तो वाढतो.

मुळात रक्त गोठणं ही शरीराचीच तरतूद. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर ते थांबावं, म्हणून गरोदरपणातच रक्त गोठवणारे घटक वाढतात आणि गोठण्याला आवर घालणारं प्रोटीन-एस घटतं. बाळंतपणानंतर हे पूर्ववत व्हायला काही आठवडे जातात. गुठळी बहुधा डाव्या पायात होते, कारण ओटीपोटात उजव्या पायाची धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून जाते आणि तिला दाबते. तिथून गुठळी सुटली की थेट फुप्फुसात. कधी ती मेंदूच्या शिरेतच होते. अशा बायका आपल्या देशातल्या डॉक्टरांनी फार पाहिल्या आहेत.

आता गर्भनिरोधक गोळीचं. वर्षाला १०,००० बायकांमागे गुठळी होते ती एरवी १ ते ५ जणींना, संयुक्त गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९, गरोदरपणी ५ ते २० आणि बाळंतपणानंतरच्या १२ आठवड्यांत, याच हिशेबानं, ४० ते ६५. म्हणजे गोळी एरवी भिण्यासारखी नाही. मात्र माला-एनसारख्या संयुक्त गोळीतलं इस्ट्रोजेनही गोठवणारे घटक वाढवतं. म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईनं पहिले सहा आठवडे ती मुळीच घेऊ नये आणि शक्यतो सहा महिने टाळावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. न पाजणारीनंही निदान २१ दिवस थांबावं. कॉपर-टी मात्र बाळंतपणानंतर ४८ तासांतही बसवता येते.

घरातली शिवणाची टेप घ्या. दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजा. एक ३ सेंटिमीटरनं जाड भरली, दुखते, गरम लागते, तर तेल लावून चोळू नका. त्याच दिवशी सयाजी रुग्णालय गाठा. अचानक दम लागला, छातीत कळ आली, न थांबणारी डोकेदुखी किंवा झटके आले, तर १०८ लावा आणि बाळंत होऊन किती दिवस झाले हे डॉक्टरांना आधी सांगा.