जेलवरचे पट्टे

संपादकांना पावसाळी आजारांवर लेख हवा होता. त्यासाठी प्रयोगशाळेत गेलो आणि एका यंत्रापाशी खिळून राहिलो. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची उथळ पेटी, आत षट्कोनात बसवलेले 24 इलेक्ट्रोड, मधोमध आगरोज जेलची लादी आणि तिच्यावरून फिरत राहणारं 14 अंशांचं थंड बफर. पल्स्ड फील्ड जेल इलेक्ट्रोफोरेसिस. इथली माणसं नुसतं ‘पीएफजीई’ म्हणतात.

साध्या जेलमध्ये डीएनएचे मोठे तुकडे वेगळे होत नाहीत, सगळे एकाच गतीने सरकतात. 1984 साली श्वार्ट्झ आणि कँटर यांनी विजेची दिशा ठरावीक वेळाने बदलण्याची युक्ती काढली. दिशा बदलली की लांब तुकड्याला वळायला वेळ लागतो आणि तो मागे पडतो. उदाहरणार्थ, कॉलऱ्याच्या जिवाणूचा जीनोम सुमारे 40 लाख अक्षरांचा, दोन गुणसूत्रांत वाटलेला. ‘नॉट-वन’ नावाचं एन्झाइम तो मोजक्याच जागी कापतं. सकाळी जेलवर वीस-पंचवीस पट्टे दिसतात, तीच त्या जिवाणूची ओळख.

पण माझं लक्ष यंत्रापेक्षा तंत्रज्ञ बाईंच्या हातांवर होतं. एवढा लांब डीएनए पिपेटमधून ओढला तर तुटतो. म्हणून त्या जिवाणू वितळलेल्या आगरोजमध्ये मिसळून त्याच्या छोट्या वड्या पाडतात. पेशी फोडणं, प्रथिनं संपवणं, पुन्हा पुन्हा धुणं, सगळं वडीच्या आतच. मग वडीचा पातळ काप कंगव्याच्या दातावर अलगद ठेवायचा. त्यांचा एकही काप घसरला नाही. इतकं निगुतीचं काम मी क्वचितच पाहिलं आहे.

‘‘रुग्णाचा नमुना सोपा असतो हो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पाण्याचा छळतो.’’

कॉलऱ्याच्या रुग्णाच्या जुलाबात हा जिवाणू खच्चून भरलेला असतो. नदी-खाडीत मात्र त्याच जातीचे असंख्य निरुपद्रवी भाऊबंद राहतात, बहुतेकांकडे विषाचं जनुकच नसतं. जिवाणू वाढवायच्या टीसीबीएस माध्यमावर सगळ्यांच्या वसाहती सारख्याच पिवळ्या. हवा असलेला वाण जिवंत असूनही कधी कधी माध्यमावर वाढतच नाही. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या गटाने 1982 साली ही सुप्तावस्था दाखवून दिली.

शिवाय पट्टे जुळले म्हणजे नातं कळतं, कुणाकडून कुणाकडे गेलं ते कळत नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये हैतीत कॉलरा पसरला तेव्हा पट्ट्यांनी दक्षिण आशियाकडे बोट दाखवलं. एवढ्यावर कुणाला जबाबदार धरणार? 2011 मध्ये संपूर्ण जीनोम वाचल्यावर नेपाळमधले काही जिवाणू हैतीतल्या जिवाणूंपासून एका-दोन अक्षरांनीच वेगळे निघाले. संयुक्त राष्ट्रांच्या नेपाळी तुकडीचा तळ ज्या ओढ्याकाठी होता, तिथूनच साथ सुरू झाल्याचं क्षेत्रीय तपासाने आधीच सांगितलं होतं. दोन्ही धागे एकत्र आले तेव्हाच चित्र पुरं झालं.

अमेरिकेच्या ‘पल्सनेट’ या साथी शोधणाऱ्या प्रयोगशाळांच्या जाळ्याने 2019 मध्ये पीएफजीई सोडून जीनोम वाचन स्वीकारलं. ही पेटीही आता कमीच चालते. त्याचं मला दुःख नाही. काळजी वेगळीच आहे. जीनोम वाचायलाही बहुधा आधी वसाहत वाढवावी लागते आणि त्यासाठी नमुना वेळेवर यावा लागतो. गावात जुलाब सुरू झाले की विहिरीत आधी टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर, पडते. तसंच व्हायला हवं, माणसं वाचतात. पण त्याआधी दोन मिनिटं काढून एक निर्जंतुक बाटली भरून घेता येते. क्लोरीन पडून गेलं असेल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवं, म्हणजे वाटेत तरी उरलेसुरले जिवाणू मरत नाहीत. बाईंनी अशा बाटल्यांचा खोका टेबलाखाली तयार ठेवला आहे. तालुक्याहून कुणी आलं की त्याच्या हातात दोन-चार बाटल्या देऊनच त्याला पाठवतात.