पाय टेकवण्याआधी : हर्णेच्या रस्त्यांवरून रायडिंग बुटांचा विचार

दुपार कलली की हर्णे बंदरावर लिलावाची गर्दी जमू लागते. होड्यांतली मासळी बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते, पाट्या मांडल्या जातात, आणि वरच्या रस्त्याच्या कडेला पुण्या-मुंबईहून आलेल्या मोटारसायकलींची रांग लागते. गेल्या काही वर्षांत या रांगेत उंच, दणकट, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेल्या ॲडव्हेंचर गाड्या वाढल्या आहेत. त्यांच्या स्वारांच्या डोक्यावर चांगले हेल्मेट असते, अंगात जाकीट असते, हातात मोजे असतात. पण नजर खाली नेली तर पायात कॅनव्हासचे बूट, फ्लोटर, कधी चक्क स्लिपर दिसते.

मला हल्ली पायांकडे पाहायची सवय लागली आहे. तिचे कारण माझ्याच डाव्या पायात आहे.

चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये मी सड्यावरच्या कच्च्या वाटेने घरी येत होतो. वेग ताशी पंधरा किलोमीटरही नसेल. शेवाळलेल्या कातळावर पुढचे चाक सरकले. सवयीने मी डावा पाय टेकवला, तोही सरकला आणि गाडी त्यावर आडवी झाली. माझी गाडी ४११ सीसीची हिमालयन. पेट्रोलसह तिचे वजन सुमारे १९९ किलो. हेल्मेटला ओरखडासुद्धा आला नाही, पण घोटा दोन ठिकाणी मोडला. शस्त्रक्रिया झाली, आत पट्टी आणि स्क्रू बसले आणि तीन महिने मी रिक्षाने शाळेत शिकवायला जात होतो. आजही जिना उतरताना आधी उजवा पाय पुढे पडतो.

त्या दिवशी माझ्याकडे रायडिंग बूट नव्हते असे नाही. होते, पण घरी पडवीत. चवड्याला आवळत म्हणून आणि पावसात आत पाणी साचे म्हणून मी ते घातले नव्हते. या लेखातला सगळा शोध त्या पडवीतल्या बुटांपासून सुरू झाला. यंदा भाच्याने तशीच गाडी घेतली आणि विचारले, "मामा, हेल्मेटाच्या दुप्पट पैसे पायावर कशाला घालायचे?" त्याला दिलेले उत्तर जरा सविस्तर लिहितो आहे.

पायाला धोका कशाचा?

हेल्मेटाबाबत मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ मध्ये स्पष्ट सक्ती आहे. बुटांबाबत तशी नाही. २०१९ मध्ये दंडाच्या रकमा वाढल्या तेव्हा चपला घालून गाडी चालवल्यास दंड होतो अशी आवई उठली होती. अखेर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांच्या कार्यालयाला तसा नियम नसल्याचा खुलासा करावा लागला. म्हणजे पायाची काळजी कायद्याने आपल्यावरच सोपवली आहे.

डांबरी रस्त्यावर वेगात पडणे आणि कच्च्या वाटेवर हळू पडणे यांत पायाला होणारी इजा वेगळी असते. पहिल्या प्रकारात घासणे आणि आपटणे मुख्य. दुसऱ्यात, म्हणजे ॲडव्हेंचर रायडिंगमध्ये, आणखी तीन गोष्टी येतात. पाय गाडी आणि जमीन यांच्या मध्ये चिरडतो. टेकवलेला पाय वाळूत किंवा दगडात अडकतो, गाडी पुढे जाते आणि घोटा पिळला जातो. उडालेला जांभ्याचा दगड नडगीवर बसतो. शिवाय खडबडीत वाटेवर स्वार फूटरेस्टवर उभा राहून गाडी चालवतो, तेव्हा शरीराचा भार दोन अरुंद पट्ट्यांवर येतो आणि मऊ तळाच्या बुटात तळपाय तासाभरात भरून येतो.

आता नेहमीची पादत्राणे या कसोटीवर लावून पाहू. गमबूट आपल्याकडे घरोघरी असतात. ते पाणी अडवतात, पण घोट्याशी सैल असल्याने पडताना पायातून निघून जातात. ट्रेकिंगचे बूट घोट्याला आधार देतात, पण चालताना पाय वाकावा म्हणून ते मुद्दाम लवचीक केलेले असतात. कारखान्यातला सेफ्टी शू बोटांपुरता उत्तम. आयएस १५२९८ या मानकाच्या सेफ्टी शूची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे साधारण २० किलोचे वजन एक मीटरवरून पडावे इतका. मात्र घोटा पिळण्याचा किंवा रस्त्यावर घासण्याचा विचार त्यात नसतो. मोटोक्रॉसचे बूट सर्वांत मजबूत, पण ते घालून आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्या चढून पाहाव्यात! ॲडव्हेंचर बूट ही या दोन टोकांमधली तडजोड आहे.

लेबलवरचे चार आकडे

चांगल्या बुटाच्या आत शिवलेल्या लेबलावर मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र, 'ईएन १३६३४' हा युरोपीय मानकाचा क्रमांक आणि खाली चार आकडे असतात. प्रत्येक आकडा १ किंवा २. पहिला बुटाची उंची सांगतो, दुसरा घासण्याला होणारा प्रतिकार, तिसरा धारदार वस्तूने कापले जाण्याला होणारा प्रतिकार आणि चौथा तळाचा आडवा ताठपणा. २ म्हणजे वरची पातळी. नुसती 'सीई' ही अक्षरे आणि हे चार आकडे यांत फरक आहे. दुकानदाराला आकडे दाखवायला सांगावे.

चौथा आकडा आपल्या कामाचा आहे. गाडी पायावर आडवी झाली की तळ दोन्ही बाजूंनी दाबला जातो. तो किती दाब सोसेल ते हा आकडा सांगतो. माझ्यासारख्या पडण्यासाठी येथे २ असणे चांगले.

पण दोन गोष्टी हे आकडे सांगत नाहीत, आणि मला त्या उशिरा कळल्या. एक, घोट्यावर आणि नडगीवर आघात झेलणारे संरक्षक या मानकात ऐच्छिक आहेत. त्यांची चाचणी झाली असेल तर घोट्यासाठी 'आयपीए' आणि नडगीसाठी 'आयपीएस' ही अक्षरे लेबलावर वेगळी येतात. ती नसतील तर बूट उंच असूनही घोट्यावर नुसते मऊ स्पंज असू शकते. दुसरे, चौथा आकडा तळाच्या दबण्याबद्दल आहे, घोटा मुरगळण्याबद्दल नाही. त्यासाठी हाताने तपासावे लागते. एका हातात टाच, दुसऱ्या हातात चवडा धरून बूट ओला पंचा पिळावा तसा पिळून पाहावा. तो पिळला जात असेल तर आत पायही पिळला जाईल. मग वरचा भाग आत-बाहेर दाबावा. पुढे-मागे तो वाकला पाहिजे, कडेला मात्र वाकता कामा नये.

आपले पाय रुंद आहेत

माझे पहिले बूट चवड्याला का आवळत होते, याचे उत्तर मला चेन्नईत सापडले. तिथल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे त्रिमितीय यंत्राने घेतली. निष्कर्ष असा, की भारतीयांचे पाय युरोपीय आणि अमेरिकी लोकांच्या पायांपेक्षा सरासरीने रुंद आहेत. त्यावरून भारतीयांसाठी 'भा' नावाची वेगळी मापपद्धती सुचवण्यात आली. याआधी बंगळुरूकडच्या अनवाणी चालणाऱ्या लोकांची बेल्जियममधल्या लोकांशी तुलना करणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातही अनवाणी चालणाऱ्यांचे पाय रुंद आणि तळव्यावरचा दाब अधिक सारखा विभागलेला आढळला.

रायडिंग बुटांचे अनेक नामांकित साचे मात्र इटलीतले. उत्तर इटलीत माँटेबेलुना आणि आसोलो या गावांच्या परिसरात गिर्यारोहणाचे बूट शिवण्याची जुनी परंपरा आहे. १९६३ मध्ये आसोलोत सुरू झालेली अल्पाइनस्टार्स ही कंपनीसुद्धा आधी डोंगरात चालण्याचे बूट करत असे, मग मोटोक्रॉसकडे वळली. त्या साच्यात लहानपणी पाणंदीतून अनवाणी शाळेत गेलेला कोकणी पाय बसेलच असे नाही. रुंदी मिळावी म्हणून आपण एक माप मोठे घेतो. मग लांबी जास्त होते, टाच आत उचलली जाते आणि घोट्याचा संरक्षक घोट्यावर राहत नाही. मी हीच चूक केली होती.

म्हणून क्रमांकावर विसंबू नये. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहावे. दोन्ही पायांची लांबी आणि चवड्याची सर्वांत जास्त रुंदी मिलिमीटरमध्ये लिहावी. मोठा पाय प्रमाण मानून कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावे आणि रुंद साचा मिळतो का ते विचारावे.

पाऊस, घाम आणि बुरशी

दापोली तालुक्यात वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे येथे 'वॉटरप्रूफ आहे ना?' हा पहिला प्रश्न असतो. जलरोधक बुटाच्या आत एक पातळ पडदा असतो. तो पाण्याचे थेंब अडवतो आणि घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. पण वाफ बाहेर जाण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. हिमालयातल्या थंड, कोरड्या हवेत हा पडदा छान चालतो. जुलैतल्या हर्णेत हवाच दमट असल्याने वाफ आतच राहते. शिवाय मुसळधार पावसात पाणी नडगीवरून वरच्या तोंडातून आत शिरते आणि मग तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही. माझ्या बुटांत साचणारे पाणी असेच होते.

यावर दोन मार्ग आहेत. जलरोधक बूट असेल तर पावसाळी विजार नेहमी बुटाच्या बाहेरून, खालपर्यंत घ्यावी. किंवा पडदा नसलेला, लवकर वाळणारा बूट घ्यावा आणि पावसापुरते जलरोधक मोजे वापरावेत. मी दुसरा मार्ग धरला आहे. वर्षातून एकदा लडाखला जाणाऱ्याने पहिला धरावा. मोजे सुती नकोत; सूत घाम धरून ठेवते आणि ओल्या कातडीला फोड येतात. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, बुटाच्या वरपर्यंत येणारे मोजे चांगले.

घरी आल्यावर बूट गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसावेत, कारण किनाऱ्यावरचे खारे वारे बकलांचा धातू खातात. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पडवीत वाऱ्यावर ठेवावेत. चुलीजवळ नकोत, चामडे तडकते. कातडी बुटाला पावसाळ्याआधी आणि नंतर मेणाचे पॉलिश लावले तर बुरशी कमी धरते. एक सूचना खास कोकणासाठी : काही बुटांचे तळ पॉलियुरेथेनचे असतात आणि हा पदार्थ दमट हवेत हळूहळू विघटित होतो. न वापरता पाच-सात वर्षे कपाटात ठेवलेला, वरून नवा दिसणारा बूट पहिल्याच फेरीत तळ सोडू शकतो. जुने बूट स्वस्तात घेताना हे ध्यानात ठेवावे.

दुकानात अर्धा तास

भाच्याला घेऊन दुकानात गेलो तेव्हा आम्ही पुढील क्रम पाळला. रायडिंगचे मोजे आणि विजार घरूनच नेली. दोन्ही बूट घालून, सगळी बकले लावून वीस मिनिटे चाललो, जिना चढलो-उतरलो. बोटांना हलायला जागा हवी, टाच मात्र जागेवर हवी. मग दुकानासमोर गाडीवर बसून पाहिले : गिअरच्या दांडीखाली बुटाचे टोक सहज जाते का, मागच्या ब्रेकवरचा दाब पायाला कळतो का. फूटरेस्टवर उभे राहून तळ किती दबतो ते पाहिले. शेवटी तळाची नक्षी पाहिली. चिखलासाठी खोल खाचा हव्यात, पण त्या इतक्या रुंद नकोत की फूटरेस्ट त्यांत अडकेल. जाड तळाचा एक फायदा असा, की उंच गाडीवर बुटक्या स्वाराचा पाय जमिनीला थोडा अधिक टेकतो.

पैशांचा प्रश्न उरतोच. भारतीय कंपन्यांचे ॲडव्हेंचर बूट आता बरेच आवाक्यात आले आहेत. परदेशी बुटांची किंमत अनेकदा दुप्पट-तिप्पट. तेवढे जमत नसेल तर घोट्यावर येणारा, घट्ट नाड्यांचा, ताठ तळाचा सेफ्टी बूट घ्यावा आणि नाड्यांची टोके आत खोवावीत. त्याच्या मर्यादा वर सांगितल्या आहेत, तरी तो स्लिपरपेक्षा कितीतरी बरा.

भाच्याने शेवटी निवडलेला जोड दुकानातला सर्वांत मजबूत नव्हता. एकाच्या लेबलावर चारही आकडे २ होते, पण त्यात त्याची करंगळी आवळत होती. त्याने उंचीत १ आणि बाकी तिन्हींत २ असलेला, 'आयपीए' अक्षरे असलेला रुंद जोड घेतला. मीही तेच सुचवले असते. आवळणारा बूट दोन महिन्यांत पडवीत जातो, हे माझ्या घोट्यातले स्क्रू सांगतात. गेल्या आठवड्यात तो मासळी आणायला बंदरावर गेला, जेमतेम दोन किलोमीटर. खिडकीतून पाहिले तर पायात बूट होते.