डीमारचं काळीज

बोस्टन, १९११. क्लॅरन्स डीमार मॅरेथॉनच्या रेषेवर उभा राहिला, तेव्हा डॉक्टरांना त्याच्या छातीत ‘मर्मर’, म्हणजे ठोक्यांमधली जादा सरसर, ऐकू आली. दमलास तर थांब, आणि ही शर्यत शेवटचीच समज, असं त्याला बजावलं. गडी शर्यत जिंकून मोकळा झाला.

डॉक्टरांची भीती एकाएकी उगवलेली नव्हती. १८९९ मध्ये स्वीडनच्या डॉ. हेन्शेन यांनी स्कीपटूंच्या छातीवर बोटांनी ठोकून, आवाजावरून हृदयाचा आकार ताडला, तो मोठा भरला. त्यांनी स्वतः हा गुणच मानला. घाबरले ते इतर.

डीमार पेशाने छापखान्यातला. त्याने बोस्टन सात वेळा जिंकली, शेवटची १९३० मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी. म्हातारपणीही पळत राहिला. १९५८ मध्ये कर्करोगाने गेला. त्याच्या शवविच्छेदनावर १९६१ मध्ये लेख आला. लेखकांत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या आयझेनहॉवर यांचे हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट होते. हृदयाच्या धमन्या नेहमीच्या दुप्पट-तिप्पट रुंद!

या एका काळजावर केवढे इमले चढले. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या डॉ. टॉमस बॅस्लर यांनी छातीठोकपणे सांगितलं, की मॅरेथॉनपटूच्या धमन्या तुंबतच नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या डॉ. टिम नोक्स यांनी १९७९ मध्ये मॅरेथॉनपटूंच्याही धमन्या तुंबतात याचे शवविच्छेदनातले पुरावेच पुढे ठेवले. तरी लोकांना हादरा बसला तो १९८४ मध्ये. धावण्यावरच्या गाजलेल्या पुस्तकाचा लेखक जिम फिक्स व्हरमाँटमध्ये पळतानाच कोसळला, बावन्नाव्या वर्षी. वडील त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेलेले, आणि धावू लागण्याआधी हा स्वतः जाडजूड आणि सिगारेटबाज. दोष पळण्याला देणं सोपं होतं.

पुढचा प्रश्न धमन्यांचा नव्हता, ठोक्यांचा होता. नकाशा हाती घेऊन जंगलात धावणाऱ्या फिनलंडच्या ज्येष्ठ खेळाडूंमध्ये १९९८ च्या अभ्यासात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची बेताल फडफड, ५.३ टक्के जणांत आढळली, इतरांत ०.९. मृत्यूचं प्रमाण मात्र खेळाडूंतच कमी. २०१३ मध्ये स्वीडनच्या ९० किलोमीटरच्या वासालोपेट शर्यतीतल्या सुमारे ५२ हजार स्कीपटूंचा हिशेब आला: जास्त शर्यती, जास्त वेग, तितका ठोक्यांचा बिघाड अधिक. वर्षानुवर्षं जादा रक्त पेलून वरचे कप्पे ताणले जातात, हे त्याचं एक कारण मानतात.

मग सीटी स्कॅनने धमन्यांचा विषय पुन्हा उकरला. २०२३ च्या बेल्जियन अभ्यासात जन्मभर खेळात घाम गाळलेल्यांच्या धमन्यांत चरबीची पुटं उलट जास्तच दिसली.

डीमारच्या रुंद धमन्यांतही थोडी पुटं होतीच. रक्ताला वाट मात्र मोकळी होती.